मोरचूद

२४ नोव्हेंबर १९८५

काल घरी आलो. जिना चढताना सुलक्षणानं माझा हात धरला. आमचं लग्न १९५८ सालचं. जिन्यात तिनं आजवर कधी हात धरला नव्हता. मी सोडवून घेतला.

पोटातला अल्सर काढला, असं सांगतात. सांगतात असं लिहितो, कारण मी तो पाहिलेला नाही. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "आता मजेत राहायचं, पेडणेकर." बाकीचं सगळं ते व्हरांड्यात नंदूशी बोलले. नंदू सुलक्षणाचा भाऊ. अल्सर माझा आणि बोलणं त्याच्याशी. हॉस्पिटलचे कागदही त्याच्याकडे आहेत. मागितले तर म्हणतो, "दुकानात राहिले भावोजी, आणतो."

ऑपरेशनच्या आधी महिनोन्‌महिने दूधभात खाल्ला. आता तिखट चालेल म्हणे. तळलेलं चालेल. काय आवडेल ते द्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. हा बदल का, हे कोणी सांगत नाही.

विक्रोळीच्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. टेबलावर आलेला तुकडा कोणी बनवला हे मी विचारत नाही, गेज लावतो. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. रजेवर घरी बसून गेज लावायला काही नाही, म्हणून ही डायरी. आणि पुस्तकं.

कादंबरी मी वाचत नाही. कोणीतरी बसून रचलेलं मी कशाला वाचू? इतिहास आणि चरित्र, एवढंच. माणूस खरोखर होऊन गेलेला असला पाहिजे आणि साल दिलेलं पाहिजे. साल नसलेलं वाक्य मी धरत नाही. लग्नानंतर सुलक्षणा काही सांगायला लागली की मी विचारायचो, कुठल्या साली? पहिल्या वर्षी ती हसायची.

घाटकोपरच्या वाचनालयातून पुस्तकं आता ती आणणार. मला बस नको म्हणते.

२९ नोव्हेंबर

एका संस्थानाच्या दिवाणाचं चरित्र संपलं. संपलं म्हणजे थांबलं. दिवाण हवापालटासाठी डोंगरावर निघतात, पालखी वेशीबाहेर पडते आणि पुस्तक बंद. चरित्र असं संपत नाही.

शिवणीपाशी बोट फिरवलं. कागदाची बारीक कड लागली. पानं फाडलेली नाहीत, पट्टी धरून कापलेली आहेत. एकसारखी. हे रद्दीवाल्याचं काम नव्हे.

सुलक्षणाला दाखवलं. ती म्हणाली, "लायब्ररीची पुस्तकं. लोक कसे असतात." आणि कणिक मळायला गेली. मळून झालेली होती.

३ डिसेंबर

सोनूबाई बोंबील घेऊन आली. ही कोळीण दर फेरीला माझ्याशी भांडते. मी तिचे मासे नाकाला लावतो आणि ती म्हणते, "वास काय घेतोस, सासऱ्याच्या घरचा हाय काय?" हा आमचा रिवाज आहे.

आज मी वास घेतला. ती काही बोलली नाही. टोपलीतले चांगले निवडून ताटात टाकले, वर दोन जास्त. सुलक्षणा पैसे आणायला वळली तर म्हणते, "र्‍हाऊ दे गो. भाऊला तळून घाल."

मासे परत एकदा उलटून पाहिले. ताजे होते. ताजे मासे कोणी असे देत नाही.

७ डिसेंबर

चंदर आला. १९७९ साली मी त्याचा अख्खा लॉट नापास केला होता. त्याचं प्रमोशन हुकलं. तेव्हापासून कँटीनमध्ये तो माझ्याकडे पाठ करून बसतो. आज मोसंबी घेऊन दारात उभा.

"तुका बघूक इलंय."

"बघितलंस."

बसला. पंख्याकडे बघितलं, माझ्या मनगटाकडे बघितलं. मग म्हणाला, "सहदेव, तो लॉट खराबच होतो रे. तुझो गेज बरोबर होतो."

"सहा वर्षं लागली?"

"लागली." नाक शिंकरलं आणि उठला. कंपनीत घाई करू नकोस, टेबल आम्ही सांभाळतो, म्हणाला.

टेबल. आता कळलं मोसंबी कशाला ते. जानेवारीत मी हजर झालो नाही तर तिथं चंदर बसणार.

११ डिसेंबर

एक नवी गोष्ट. सुलक्षणा पुस्तक आणते ते मला लगेच देत नाही. म्हणते, "आधी मी चाळते." तिनं कधी चरित्र वाचलं नव्हतं. स्वयंपाकघरात पाटावर बसते, पाठ भिंतीला, आणि मागून पुढे वाचते. शेवटची पानं आधी. मी दारातून पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला त्यात काय गोडी वाटते ते बघते."

हे पुस्तक एका आरमारी सरदाराचं. ते माझ्या हाती आलं तेव्हा तिचे डोळे लाल होते. कांदा नव्हता. शिधा आणि शिडाचं कापड यांचा हिशेब सरदारानं धन्याला कळवलाय, ते वाचून कोण रडतं?

१२ डिसेंबर

सरदाराच्या पुस्तकाचाही शेवट नाही. मधलंही एक पान गेलंय. त्याचा धाकटा भाऊ तापानं फणफणलाय, वैद्य बोलावलाय, आणि पुढच्या पानावर एकदम सुरतेचा व्यापारी. भावाचं काय झालं? पुढे कुठंच भाऊ नाही.

बाळला जाब विचारणार. बाळ वाचनालयात बसतो. पुस्तकाला पाणी लागलं तर सभासदाशी महिनाभर न बोलणारा माणूस आहे. त्याच्या नाकाखाली हे चाललंय.

१५ डिसेंबर

सुलक्षणा काल दोन्ही पुस्तकं परत करून आली. आज ती खालच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाला गेली तेव्हा मी कपडे केले आणि रिक्षा पकडली. पँट कमरेला राहत नव्हती, पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कपडे सैल करतात की काय कोण जाणे.

बाळ मला बघून उठून उभा राहिला. "पेडणेकर! तुम्ही कशाला आलात?"

"दिवाणांचं काढ. सरदाराचंही काढ."

त्यानं काढली. मी शेवटचं प्रकरण उघडलं. होतं. दिवाण डोंगरावर पोचतात, तिथं महिनाभर अंथरुणावर असतात, आणि जातात. साल, तिथी, वार, सगळं. सरदाराच्या पुस्तकात धाकट्या भावाचं पान होतं. भाऊ तापात गेला.

"या दोन प्रती आहेत का?"

"कसल्या दोन प्रती? एक घ्यायला वर्गणी पुरत नाही."

"बाळ, ही पानं माझ्याकडे नव्हती."

तो माझ्याकडे बघत राहिला. बाळ कोणाचं ऐकून घेत नाही, पण आज घेतलं. हळू आवाजात म्हणाला, "आजारपणात होतं असं. डोळ्यांना ताण देऊ नका. चहा मागवू?"

पान उजेडात धरलं. शिवणीजवळ बोट लावलं. तिथं कागद जाड होता, केसाएवढा. चिकटवलेलं आहे. कड जुळवून, एक रेषाही न सरकवता. माझ्या टेबलावर आलं असतं तर पास केलं असतं. बाळला दाखवलं तर म्हणाला, "मला नाही दिसत काही."

म्हणजे मी वेडा नाही. कोणीतरी माझ्यासाठी पानं काढतं, आणि इतरांसाठी परत लावतं.

स्टेशनवरच्या मशीनवर वजन केलं. कार्डावर जो आकडा आला तो माझा नव्हे. मी कॉलेजात असताना तेवढा होतो. मशीन कित्येक वर्षं कोणी तपासलेलं नसणार. कार्डाच्या मागे छापलंय की प्रवासाचा योग आहे.

१६ डिसेंबर

नंदू.

काल लक्षात यायला हवं होतं. नंदूचा धंदा पुस्तकबांधणीचा. सासऱ्यांचं ठाकुरद्वारचं दुकान तोच घाटकोपरला घेऊन आला. हात त्याचा आहे. पण कशासाठी?

आज तो आला होता. बहीणभाऊ स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी खोकलो तर नळ सोडला. थोड्या वेळानं सुलक्षणा सोसायटीचा कागद घेऊन आली. जागेला तिचं नाव वारस म्हणून लावायचंय, सही करा. "सगळेच करतात," म्हणाली. इतकी वर्षं सगळेच करत होते तेव्हा तिला सुचलं नाही. आम्हाला मूल नाही. जागा तिच्या नावावर म्हणजे पुढे नंदूच्या.

आणि बाळला सगळीकडे सांगता येईल की पेडणेकरला पानं दिसत नाहीत.

कागद उशीखाली ठेवला. सही केली नाही.

२२ डिसेंबर

एका किल्ल्याच्या वेढ्याचा इतिहास वाचून झाला. पूर्ण. एकही पान कापलेलं नाही. उपासमारीनं माणसं तटावर पडतात, दोन पानभर नुसती मेलेल्यांची संख्या आहे. अस्सल पुस्तक. साल तर आहेच, घटकासुद्धा दिल्यात.

याच्यासोबत आलेल्या एका कीर्तनकाराच्या चरित्राचा शेवट मात्र कापलेला. मग चरित्रांनीच काय केलंय? हजारो मेलेले चालतात आणि एकटा दिवाण चालत नाही. हे जुळत नाही. जे जुळत नाही ते लिहून ठेवायचं, म्हणून लिहितो.

सुलक्षणा सोमवारी आता दिवसभर काही खात नाही. सोळा सोमवार धरलेत. कशासाठी म्हणून विचारलं तर, "असंच."

मला मात्र सोमवारीही मासे करून घालते. या घरात सोमवारी मासा कधी शिजला नव्हता.

२९ डिसेंबर

हे नीट लिहायचं आहे.

दुपारी पाणी प्यायला उठलो. ओट्यावर लहान पातेल्यात काहीतरी दाटसर निवत ठेवलं होतं. मी म्हटलं, हे काय? ती दचकली. "साडीला खळ करतेय." पातेलं उचलून मोरीजवळ नेलं.

तिच्या साड्या नायलॉनच्या आहेत.

ती खाली दळण आणायला गेली. मी पातेलं बघितलं. मैदा शिजवलेला. पण पांढरा नाही, निळसर. फळीवर हिंगाच्या डब्यामागे कागदाची पुडी सापडली. निळे खडे. मी कारखान्यातला माणूस आहे, मोरचूद ओळखतो. विष आहे. पोटात गेलं तर आतडी सोलते.

गेले काही दिवस जेवण झालं की पोटात जळतं. रोज वाढतंय. अल्सर काढला म्हणतात, मग जळतं काय?

पुडी होती तशी ठेवली.

३० डिसेंबर

ताट आलं. भात, आमटी, तळलेला बांगडा. मी हात लावला नाही.

"भूक नाही का?"

"आमटीत काय घातलंयस?"

"काय घालणार? कोकम."

"आणखी?"

"आणखी काय, गूळ. अहो, झालं काय?"

"हिंगाच्या डब्यामागे पुडी आहे. मोरचुदाची."

ती माझ्याकडे बघायला लागली. तिच्या तोंडाचा रंग गेला. मी म्हटलं, हे बघ, सापडलं. म्हणाली, "झुरळांसाठी आणलंय."

"झुरळांना मोरचूद घालतात?"

ती मग खाली बसली, माझं ताट आपल्याकडे ओढलं आणि जेवायला लागली. भात कालवला. बांगडा काट्यासकट मोडला. मी समोर बसून बघत होतो. एक शीत ठेवलं नाही. बोटानं ताट पुसून घेतलं.

"झालं?" म्हणाली. "आता वाढू?"

मी हो म्हटलं. जेवलो.

ती भांडी घासत असताना लक्षात आलं की आज सोमवार. तिचा उपास होता. सोळातले किती झाले होते ते मला माहीत नाही. मोडला.

२ जानेवारी १९८६

नंदू कॅलेंडर घेऊन आला. मी त्याला दारातच धरलं.

"जागा हवी ना तुला?"

"काय?"

"पानं कापतोस, लावतोस. मला वेडा ठरवायचं आणि बहिणीच्या आडून जागा खायची. तुझी ताई भोळी आहे, मी नाही."

"भावोजी, कसली पानं?"

"नाटक नको."

तो सुलक्षणाकडे बघायला लागला. ती नाही म्हणून मान हलवत होती. मी दोघांनाही बघितलं.

नंदू तोंडाळ आहे, एरवी एकाचे चार ऐकवतो. आज कॅलेंडर टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "घाला शिव्या. आणखी घाला. तुमचा आवाज चढला की बरं वाटतं ओ." आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. बराच वेळ खाली उतरला नाही. उतरल्याचा आवाज मी ऐकला तेव्हाच दार लावलं.

सुलक्षणानं कॅलेंडर भिंतीला लावलं. एवढंच म्हणाली, "त्याला का? मला बोलायचं."

याचा अर्थ मला लागला नाही.

५ जानेवारी

गेज खरा आहे की नाही हे तपासायचं असेल तर ज्याचं माप आधीच माहीत आहे असा तुकडा घालून बघतात. हे मी आधीच करायला हवं होतं.

घाटात पूल बांधणाऱ्या इंजिनियरचं चरित्र मी १९६२ साली वाचलंय. बारकावे विसरलो, पण शेवट माहीत आहे. पुलावरून पहिली गाडी गेली ती बघायला तो नव्हता. त्याआधीच वारला. कशानं ते आठवत नाही.

सुलक्षणाला म्हटलं, इंजिनियरचं आण. मी ते वाचलेलं आहे हे तिला सांगितलं नाही.

९ जानेवारी

आलं. तिनं दोन दिवस स्वतःकडे ठेवलं. वाचताना एकदा जेवण करपलं, तिनं टाकून दिलं आणि पुन्हा केलं.

आता मला पुस्तक धरून बसवत नाही, उशीवर उभं करून वाचतो. बांधणी, सर्व्हे, खडक, मजुरांचा संप. सुंदर लिहिलंय. प्रत्येक कमानीचं साल आहे. वाचत असताना पोट विसरलो.

शेवटची कमान राहिलीय. पावसाळा सरलाय. पान इथं संपतं: "त्या दिवशी संध्याकाळी साहेबांना प्रथमच". आणि पुढे कड.

सापळा लागला. पण नंदू २ तारखेपासून या घरात आलेला नाही.

१० जानेवारी

सुलक्षणा रेशनच्या रांगेला गेली होती. घर धुंडाळलं. कपाट, गाद्या, पत्र्याची ट्रंक. थकून स्वयंपाकघरात पाटावर बसलो, ती बसते तिथं. समोर पाटा. पाटा नेहमी थोडा पुढे असतो, वाटायला बसता यावं म्हणून. आज भिंतीला टेकवून ठेवलेला होता, आणि खाली वर्तमानपत्राची कड दिसत होती.

उचलवला नाही. सरकवला.

वर्तमानपत्राच्या घडीत पानं होती. सपाट, एकावर एक, कडा जुळवलेल्या. दाब देऊन ठेवलेली. सासऱ्यांच्या दुकानात अशीच ठेवायचे. १९५८ साली मी तिला बघायला ठाकुरद्वारला गेलो होतो, तेव्हा ती मागे बसून छापील कागदांच्या घड्या घालत होती. बघायला आलोय हे कळूनही तिनं हातातली घडी पुरी केली आणि मग वर बघितलं. खळीचं पातेलं तिच्या बाजूला होतं. त्यात तिचे वडील चिमूटभर मोरचूद टाकायचे, पुस्तकाला कसर लागू नये म्हणून. त्यांनी मला त्या दिवशी ते मुद्दाम समजावून सांगितलं होतं.

पानं वाचली.

"पोटात कळ आली," इथपासून सुरू होतं. मग पोट उघडलं. गाठ होती. ती काढण्याजोगी नव्हती म्हणून पुन्हा शिवलं. साहेबांना सांगितलं नाही. सांगू नये असं बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ठरवलं. दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे ते उतरवून घेतो.

"डॉक्टरांनी सर्व पथ्य सोडावयास सांगितले, तेव्हाच घरच्या मंडळींस काय ते समजले."

पुढे लोक भेटायला येतात. ज्याच्याशी वैर होतं तो ठेकेदारही येतो, फळं घेऊन.

सगळं वाचलं. साल आहे, महिना आहे, तारीख आहे. एकही पान गहाळ नाही.

कडा जुळवून पानं घडीत ठेवली, पाटा सरकवला, भिंतीला टेकवला. ती आली तेव्हा मी अंथरुणावर होतो. म्हणाली, "घाम का आलाय?" मी म्हटलं, उकडतंय.

११ जानेवारी

काही नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. सुलक्षणाला म्हटलं, नंदूला बोलाव. ती म्हणाली, "पुन्हा भांडायला?" मी म्हटलं, तिळगूळ द्यायला.

आला. दारातच थबकला. मी त्याच्या हातावर लाडू ठेवला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते आलं नाही.

"जागा नको ना तुला?"

"नको ओ भावोजी."

"मग लाडू तरी खा."

तो हसला आणि त्याला ठसका लागला. पाणी दिलं. सोसायटीच्या कागदावर सही केली होती, तो त्याच्या हातात दिला. हॉस्पिटलचे कागद मागितले नाहीत. त्यानं आपणहून म्हटलं, "तुमचे कागद दुकानात राहिलेत, आणतोच." मी म्हटलं, राहू दे तिकडेच.

सोनूबाई सकाळी आली होती. कोळंबी फुकट टाकायला लागली तेव्हा मी अंथरुणावरून ओरडलो, "शिळी असेल!" मग ती म्हणाली, "तुझ्या सासऱ्याला विचार शिळी काय ते!" बरं वाटलं. तिलाही वाटलं असावं. जाताना जिन्यात कोणाला तरी मोठ्यानं हाक मारत गेली.

१९ जानेवारी

इंजिनियरचं पुस्तक परत करायचं आहे, असं सुलक्षणा दोनदा म्हणाली. मी अजून वाचतोय, असं सांगितलं.

चंदरला निरोप पाठवला की टेबलाच्या खणातला लहान गेज झिजलाय, वापरू नको.

२ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय. थोडंच लिहितो.

दुपारी तिला म्हटलं, मला धरवत नाही, तू वाच.

"कुठलं?"

"इंजिनियरचं. शेवटचं राहिलंय."

"ते नको. दुसरं काहीतरी वाचते."

"तेच."

ती खाटेजवळ पाटावर बसली. ती कधी मोठ्यानं वाचत नाही. सुरुवातीला शाळेतल्यासारखं वाचत होती, मग लागली. खडक, कमानी, पावसाळा. ते पान आलं. मी डोळे अर्धे मिटले होते. ती वाचत होती, "त्या दिवशी संध्याकाळी साहेबांना प्रथमच"

थांबली. तिचा अंगठा कडेवर होता. पुढचे शब्द तिलाही पाठ आहेत आणि मलाही.

"प्रथमच," ती म्हणाली, "भूक लागली."

ती बघत पुस्तकाकडेच होती, पण नजर ओळीवरून सरकत नव्हती. एका जागी होती. तुकड्यावरून नजर फिरते की नाही हे मी आयुष्यभर बघत आलोय.

"साहेब जेवले," ती वाचायला लागली. "पोटभर जेवले. रात्रभर झोपले. मग शेवटची कमान बसली. मग रूळ टाकले. पहिली गाडी निघाली त्या दिवशी त्यांनी बाईंना खिडकीजवळ बसवलं. खाली नदी होती, खूप खाली. बाई घाबरल्या. म्हणाल्या, पूल पडायचा नाही ना? साहेब म्हणाले, मी मोजलाय." इथं तिनं पान उलटलं. त्या बाजूला काही नव्हतं, आतला पुठ्ठा होता. "त्यांनी बाईंचा हात धरला. गाडी पलीकडे गेली."

"मग?"

"मग काय. उतरले. घरी आले. त्यांनी चहा टाकला."

"कोणी, साहेबांनी?"

"हो. साहेबांनी."

गॅलरीत खालच्या बिल्डिंगचे कपडे वाळत होते. ती पुठ्ठ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून सवयीनं गेलं,

"कुठल्या साली?"

तिनं ओठ घट्ट मिटले. हसू होतं की दुसरं काही, मला नक्की सांगता येणार नाही.

"साल दिलेलं नाही," म्हणाली.

"नाही का?"

"नाही."

चालेल, म्हटलं. पुढं वाच.